कलाउपापाचें विमान आणि वृत्तपत्री कथन

११ डिसेंबर २०१३ रोजीं हवाई द्वीपसमूहांतील मोलोकाई बेटावरील कलाउपापा येथून निघालेलें एक लहानसें सेस्ना विमान, त्याचें एकुलतें एक एंजिन बंद पडल्यामुळें, किनाऱ्यानजीक समुद्रांत उतरवावें लागलें. वैमानिक धरून नऊ माणसें आंत होतीं, आठ वांचलीं. दगावल्या त्या राज्याच्या आरोग्यखात्याच्या संचालिका लोरेटा फडी. अध्यक्ष ओबामा यांच्या जन्मदाखल्याची प्रत २०११ सालीं यांच्याच संमतीनें बाहेर आली होती. या मृत्यूभोंवतीं संशयाचें रान कां माजलें, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

परंतु आमचा आक्षेप संशयखोरांपेक्षां बातमी देणारांवर अधिक आहे. आरंभींच्या वृत्तांत एका अग्निशामक अधिकाऱ्याच्या हवाल्यानें फडीबाई विमानाच्या सांगाड्यांतच राहिल्या, असें प्रसिद्ध झालें. लवकरच दुसरी हकीकत आली: बाई बाहेर पडल्या होत्या, पाण्यांत त्यांचे उपसंचालक त्यांचा हात धरून त्यांस धीर देत होते, आणि अखेरीस तो हात सैल पडला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असणें शक्य नाहीं. पहिली बोलणारा किनाऱ्यावरचा, दुसरी सांगणारा पाण्यांतला. तेव्हां कोणती ग्राह्य, याविषयीं आम्हांस तरी संदेह वाटत नाहीं. मात्र दुसरी आली ती बव्हंशीं पहिलीस खोडून नव्हे, तर तिला विसरून. मग लोकांनीं दोन्ही शेजारीं ठेवून कट शोधला, तर त्यांस एकट्यांसच दोष कसा द्यावा?

जानेवारी २०१४ मध्यें एका प्रवाशाच्या कॅमेऱ्यांतील चित्रण प्रसिद्ध झालें, तेव्हां माणसें इतकीं शांत कशीं, असा प्रश्न निघाला. बुडणें ज्यांनीं केवळ चित्रपटांत पाहिलें आहे, त्यांनींच तो विचारावा! त्याच महिन्यांत शवचिकित्सेचा निष्कर्ष आला कीं, श्वास अतिवेगानें चालल्यामुळें हृदयाची लय बिघडून मृत्यु ओढवला. पुढें तपासांत एंजिनच्या टर्बाइनचीं पातीं तुटल्याचें ठरलें. दोन्ही निष्कर्ष रुक्ष. म्हणूनच कीं काय, त्यांस वाचक थोडे.

आणखी एक साधी गोष्ट. बाई त्या विमानांत होत्याच कां? कलाउपापा ही कुष्ठरोग्यांची जुनी वसाहत. तेथील रोग्यांची व्यवस्था त्यांच्याच खात्याकडे. ही ओळ ठळकपणें आली असती, तर अर्धा संशय तेथेंच विरला असता. पण वृत्तलेखकांस सुटकेचा प्रसंग रंगवावयाचा होता. हेलिकॉप्टर आलें, माणसें उचललीं, हें सविस्तर. त्यापूर्वीं तासाहून अधिक वेळ ती लाटांवर तरंगत राहिलीं, एकजण तर पोहत किनारा गांठता झाला, आणि फडीबाईंचा अंत याच वेळांत झाला, तें मात्र एका वाक्यांत आटोपलें.