शेजारभाषेतील श्वेइक

दूरच्या भाषेतून अनुवाद करणारा पावलोपावली सावध असतो. शेजारच्या भाषेतून करणारा मात्र घरच्या अंगणात वावरावे तसा निर्धास्त असतो, आणि ठेच लागते ती तेथेच. चेक आणि पोलिश या दोन्ही पश्चिम स्लाव्ह भाषा. ‘चेर्स्त्वी’ हा शब्द दोहोंत आहे. परंतु चेक माणूस ज्या शब्दाने ताजा पाव मागतो, त्याच शब्दाने पोलिश माणूस शिळ्या पावाला नावे ठेवतो. ‘झापाख’ हा पोलिशमध्ये नुसता वास, पुष्कळदा सुवासदेखील. चेकमध्ये तो दुर्गंध. असल्या चुका कोश उघडला की सुधारतात. खरा पेच पडतो तो अर्थ तोच राहून शब्दाची पातळी बदलते तेव्हा.

यारोस्लाव हाशेकच्या श्वेइक-कादंबरीचे (१९२१–२३) उदाहरण घ्यावे. ही कथा अपुरी टाकूनच हाशेक १९२३ च्या जानेवारीत वारला. तिच्या मूळ नावातील ‘वोयाक’ म्हणजे साधा शिपाई, रोजच्या बोलण्यातला. पोलिशमध्येही ‘वोयाक’ आहे, पण त्यात थट्टेची आणि जुन्या काळच्या शूर गड्याची छटा आहे. पावेउ हुल्का-लास्कोव्स्की यांनी १९३० च्या सुमारास केलेल्या अनुवादात हाच शब्द ठेवला, आणि मूळ नावातील ‘दैवगती’ची ‘साहसे’ केली. परिणामी, दैव नेईल तिकडे जाणारा एक निरुपाय शिपाई नावातच विनोदी वीर होऊन बसला. हुल्का-लास्कोव्स्की हे चेक प्रोटेस्टंट निर्वासितांच्या कुळातले. तेव्हा अज्ञानाचा आरोप त्यांच्यावर करवत नाही. पूर्वजांच्या भाषेतला शब्द कानाला इतका आपला वाटला असेल की तो बदलावा असे मनातही आले नसेल.

हे आपल्याला उमजावयास कठीण नाही. कोंकणी घरात तहानलेला माणूस ‘उदक’ मागतो. ते वाक्य मराठीत आणताना ‘उदक’ तसेच ठेवले, तर बापडा संकल्प सोडावयास बसला आहे असे वाटेल!

आंतोनी क्रोह यांनी २००९ मध्ये नवा अनुवाद करताना नावात पोलिशमधला साधा ‘शिपाई’ आणि ‘दैवगती’ हे दोन्ही परत आणले. माझ्या मते न्याय त्यांच्याच बाजूला आहे. तथापि पोलिश वाचकांच्या अनेक पिढ्या जुन्या ‘वोयाका’बरोबर हसत वाढल्या, त्यांना नवे नाव परके वाटावे यात नवल नाही. अचूक शब्दाला प्रेम मिळण्यास वेळ लागतो, आणि तो मिळेलच असेही नाही.

संवादांची अडचण याहून बिकट आहे. हाशेकचे निवेदन ग्रांथिक चेकमध्ये चालते, पण पात्रे बोलतात ती लोकांच्या तोंडची, शिवराळ बोली. या बोलीचे समर्थन हाशेकने पहिल्या भागाच्या शेवटी स्वतःच केले आहे. पोलिशमध्ये अशी सर्वदूर पसरलेली, ग्रांथिक भाषेला समांतर बोली नाही. एखाद्या प्रांताची बोली घ्यावी तर श्वेइक त्या प्रांताचा होतो. प्रमाणभाषा घ्यावी तर तो शाळामास्तर होतो.

अशा वेळी शेजार कामास येतो तो इतिहासाचा. गॅलिशियाचे पोलिश लोक ऑस्ट्रियाच्याच सैन्यात होते. हाशेकच्या पात्रांच्या बोलण्यात घुसलेले लष्करी जर्मन शब्द त्यांच्याही जिभेवर होते. एवढी सोय इंग्रज अनुवादकाला नाही, मराठी अनुवादकाला तर नाहीच. आणि श्वेइक कथेत रखडत रखडत पोहोचतो तो सानोक आणि पशेमिशल या गावांपर्यंत. ही दोन्ही गावे आज पोलंडमध्येच आहेत.