स्वयंपाकघरातली सुरी

माझी भाची पुण्यात डिझाइन शिकते. मे महिन्यात बेळगावला आली तेव्हा पिशवीतून एक जाड पुस्तिका काढून तिने माझ्या हातात ठेवली. ‘मावशी, वाच आणि खरं खरं सांग.’ विषय होता प्रभावी चित्रकार आणि प्रयोगशील ग्राफिक डिझायनर. आठ नावं, बावन्न पानं. दुपारची आवराआवर करून मी वाचायला बसले ती चहाच्या वेळेलाच उठले. तिला तोंडी जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते.

आधी चांगलं ते. वोल्फगांग वाइनगार्टवरचं प्रकरण उत्तम उतरलंय. हा माणूस मुळात छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर. १९६८ पासून तो स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या शाळेत शिकवू लागला. तिथली शिस्त म्हणजे सरळ ओळी, मोकळे समास, सगळं कसं मोजून मापून. यानं अक्षरांमधली अंतरं ताणली, मजकुराच्या पायऱ्या केल्या, फिल्मचे तुकडे एकावर एक रचले. नियम हाताला ठाऊक होता म्हणूनच तो मोडता आला, असं भाचीने लिहिलंय. विणताना टाका मुद्दाम सोडणं वेगळं आणि टाका निसटणं वेगळं. हा फरक तिला कळला, याचं मला फार बरं वाटलं.

पण पुढे डेव्हिड कार्सन आला आणि मुलगी भाळली. ‘रे गन’ हे अमेरिकेतलं संगीताचं मासिक १९९२ मध्ये निघालं, त्याची मांडणी कार्सनची. १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली, म्हणून त्याने ती सबंध मुलाखत ‘झाफ डिंगबॅट्स’ या नुसत्या चिन्हांच्या टंकात छापली. वाचणार कोण आणि कसं? भाचीने याला बंड म्हटलंय. मला त्यात बंडापेक्षा लाड जास्त दिसतात. त्याच अंकाच्या मागच्या पानांवर तो मजकूर साध्या टंकात दिलेला होता, हे मात्र तिने लिहिलंच नाही. ते लिहिलं असतं तर प्रश्न आपोआप पुढे आला असता : हे मोडणं कुणासाठी, आणि त्याची किंमत कुणी मोजली?

आता खरी तक्रार. हाना ह्योखला तिने पाच ओळी दिल्यात. त्याही करड्या फोटोवर पांढऱ्या बारीक अक्षरांत, कार्सनची नक्कल करून. चष्मा लावून, पुस्तिका खिडकीपाशी नेऊन मी त्या वाचल्या. ‘फोटोमोंताज करणारी दादा गटातली स्त्री-कलाकार.’ एवढीच तिची ओळख!

ही बाई १८८९ मध्ये जन्मली. १९१६ पासून दहा वर्षं ती बर्लिनच्या उलश्टाइन प्रकाशनात नोकरीला होती. काम काय, तर बायकांच्या अंकांसाठी भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढायचे. त्याच प्रकाशनाच्या सचित्र अंकांतले फोटो कापून तिने आपली चित्रं जुळवली. सर्वांत गाजलेल्या चित्राच्या लांबलचक नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. त्या सुरीने ती बिअर पिऊन ढेरी सुटलेल्या जर्मन राज्यकर्त्यांचा काळ उभा कापते. पुढारी, सेनापती, यंत्रांची चाकं, नर्तकी असं सगळं तिथे उलटंपालटं झालंय. खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा एक छोटा नकाशा आहे, बायकांना मताचा हक्क मिळालेले देश दाखवणारा. आणि त्याच्याजवळ तिने स्वतःचा इवलासा चेहरा चिकटवलाय. जर्मन बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते १९१९ मध्ये, आणि हे चित्र १९१९-२० चं.

बर्लिनच्या १९२० च्या दादा प्रदर्शनात ग्रोस आणि हार्टफील्ड यांना ती नको होती. हाउसमानने स्वतःची चित्रं काढून घेण्याची धमकी दिली तेव्हा तिला जागा मिळाली. दादांच्या गटातली ही दादागिरी! पुढे हान्स रिश्टरने आठवणी लिहिल्या, त्यांत ती लक्षात राहते ती पैशाची चणचण असतानाही सँडविच, बिअर, कॉफी कुठून तरी जमवून देणारी मुलगी म्हणून.

हे वाचून मी पुस्तिका मिटून ठेवली. आमच्याही घरी वर्षानुवर्षं साहित्याच्या बैठका झाल्या. चहाचे कप मोजणारी मी. माझे लेख छापून आल्यावरही एका गृहस्थांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, ‘वहिनी, तुम्ही लिहिताही का?’ म्हणून ह्योखच्या पाच ओळी मला जास्त बोचल्या असतील, हे मी भाचीपाशी कबूल केलं. पण तक्रार मागे घेतली नाही. नाझींच्या काळात हेच काम जवळ सापडणं धोक्याचं होतं. ह्योखने ते बर्लिनच्या कडेला, आपल्या घरी लपवून जपलं. मोडण्यात जोखीम किती, हे जर प्रयोगाचं माप असेल, तर पानांची वाटणी अशी कशी?

भाची म्हणाली, ‘अगं मावशी, कार्सन सगळ्यांना आवडतो. परीक्षकांनाही.’

‘असू दे की,’ मी म्हटलं, ‘त्याला काढ असं मी कुठे म्हणते? पण तो काय मोडतो आणि ही काय कापते, हे शेजारी शेजारी ठेवून बघ. आणि तिच्या ओळी काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर छाप.’

रागावली थोडी. दोन दिवस पुस्तिकेचा विषय निघाला नाही. मग पुण्याला गेल्यावर रात्री तिचा फोन आला. ‘मावशी, भरतकामाचा नमुना कापडावर उतरवायचा कसा गं? मला ह्योखच्या प्रकरणाआधी ते समजून घ्यायचंय.’ तिकडची रीत कशी होती कोण जाणे, मी आमची सांगितली : नमुना बटर पेपरवर काढायचा, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची. ‘थांब, थांब, हळू सांग,’ ती म्हणाली, आणि लिहून घेऊ लागली.