घडणाऱ्या मुलीला मोठे होऊ द्या

जपानच्या आयडॉल गायिकांना निव्वळ सुरांची कसोटी लावली, तर बऱ्याचजणी पहिल्याच फेरीत बाद होतील. पण तिथल्या रसिकाला तयार गळ्यापेक्षा घडत जाणारी मुलगी पाहण्याची गोडी जुनी आहे. 1971 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार तान्जो!’ या टीव्ही स्पर्धेने ती घरोघरी पोहोचवली. निर्माते यासुशी आकिमोतो यांनी ही गोडी नेमकी हेरली आणि डिसेंबर 2005 मध्ये टोकियोच्या आकिहाबारात एका दुकानाच्या आठव्या मजल्यावर, जेमतेम अडीचशे प्रेक्षकांच्या थिएटरात ‘एकेबी48’ ही मुलींची मंडळी उभी केली.

अशा छोट्या थिएटरांत निम्मा प्रयोग प्रेक्षकच करतात. तिशी-चाळिशीतले नोकरदार पुरुष आपल्या लाडक्या मुलीच्या रंगाची प्रकाशकांडी लावतात, गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर ठरलेल्या आरोळ्या ठोकतात, हातवारे तालात करतात. त्याची त्यांनी तालीम केलेली असते. मुलीचा सूर ढळला, तर हा गजर तिला सांभाळून नेतो. क्योको मियाके यांच्या ‘टोकियो आयडॉल्स’ (2017) या माहितीपटात या पुरुषांचे एकटेपण दिसते आणि त्यावर पोसलेला बाजारही.

बाजाराचे गणित सोपे होते. एकेबी48 च्या सीडीसोबत हस्तांदोलनाचे कूपन मिळे. रांगेत तासन्‌तास उभे राहायचे, काही सेकंद हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, की कर्मचारी खांद्याला धरून पुढे काढी. 2009 ते 2018 या काळात सर्वांत लाडकी मुलगी ठरवणारी निवडणूकही दरवर्षी होई. मताचा हक्क सीडीतच मिळत असल्याने एकच माणूस तीच सीडी खोक्यांनी घेई. गाणे किती जणांना आवडले, हे खपाच्या आकड्यांवरून कळेनासे झाले.

या व्यवसायाचा खरा दोष मात्र निराळा आहे. मुलींनी प्रेमात पडू नये, हा दंडक चाहत्यांच्या नावाने चालवला जातो. 2013 च्या सुरुवातीला एकेबी48 मधल्या मिनामी मिनेगिशीने एका तरुणाकडे रात्र काढल्याची बातमी फुटताच मुंडण करून कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये, आदल्या वर्षी अशाच प्रकरणावरून फुकुओकाच्या जोडगटात धाडलेल्या रिनो साशिहाराला चाहत्यांनी निवडणुकीत पहिली आणली. चाहते सगळे सज्जन असतात असे नाही. पण त्यांच्या मतांत क्षमा होती, दंडकात नव्हती. जानेवारी 2016 मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानेही अशाच एका खटल्यात प्रेम करणे हा सुखाच्या शोधाच्या हक्काचा भाग मानला.

2020 मध्ये महामारीने हस्तांदोलन थांबवले आणि त्याच वर्षअखेरीस एनएचके वाहिनीच्या ‘कोहाकू’ या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमातून एकेबी48 वगळली गेली. 2009 पासून तिथली तिची जागा चुकली नव्हती. स्पर्शाचा आधार काढल्यावर नुसत्या गाण्यावर उभे राहणे किती अवघड आहे, हे दिसले. तरीही ही कला टाकाऊ ठरत नाही. वाढताना दिसणे हेच तिचे मर्म असेल, तर प्रेम, चुका आणि वय या वाढीला कंपन्यांनी करारात बंदी घालू नये. साशिहाराला मत देणाऱ्यांना हे आधीच उमगले होते.