तीनदा गार, एकदा गरम

विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नसतात, पाककृतींची कार्डं असतात. 24 डिसेंबरला सकाळी त्यांनी त्यातलं एक कार्ड काढलं आणि ओट्यावर किटलीला टेकवून उभं केलं. तळहाताएवढं कार्ड, कडा मऊ पडलेल्या, डाव्या कोपऱ्यात तुपकट डाग. डाग इतका जुना, की त्या जागी कागद पारदर्शक झाला होता. वर लिहिलेलं, सॉसेज रोल्स. अक्षर त्यांच्या आईचं.

मी नाताळसाठी लेकीकडे इंग्लंडात यॉर्कशरला गेले होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरचे रोल करायचे ही तिच्या सासरची रीत, आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे करंजी लागतेच तशी. मला मदतीला घेतलं होतं. पण साताऱ्यात शाळेमध्ये जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईपुढे हाताने लिहिलेला मजकूर ठेवला, तर ती आधी तो वाचणार. दहावीच्या मुलांना रसग्रहण शिकवताना आम्ही आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे करायचो. ते कप्पे मला कधीच पटले नाहीत. या कार्डाने तर ते पार मोडले.

मजकूर साधारण असा. मैदा 8 औंस, मीठ. बटर 6 औंस, गार. पाणी गार, पुरेसं. गार जागी ठेवा. लाटा, घडी, फिरवा, चारदा. सॉसेजचा खिमा 1 पौंड, कांदा, सेज, कालचा पाव. गुंडाळा, कापा, अंडं लावा. गरम ओव्हन, मार्क 7, रंग येईपर्यंत.

संपलं. स्वाद, खमंगपणा, कुरकुरीतपणा यांच्याबद्दल अवाक्षर नाही. मग लक्षात आलं, की कार्ड लिहिणाऱ्या बाईंनी वर्णनाला म्हणून जे शब्द वापरलेत त्यात ‘गार’ एकटा तीनदा येतो, बटरला, पाण्याला आणि जागेला. आणि शेवटच्या ओळीत, एकदाच, ‘गरम’. बाकी बहुतेक नामं, क्रियापदं आणि आकडे. जपून खर्च करणाऱ्या कवीची ही चाल आहे. तीनदा तोच सूर लावायचा आणि समेवर उलटा.

आपल्याकडे खुसखुशीतपणाचं सगळं शास्त्र कडकडीत मोहनात असतं. तेल किंवा तूप धूर येईतो तापवायचं, पिठावर ओतायचं, ते चुर्र वाजलं पाहिजे. पिठाच्या कणाकणाला स्निग्धपणा चोळला जातो आणि शंकरपाळी तोंडात विरघळते. तिचं तुकडे होऊन भुगा होणं हाच तिचा गुण. इथे नेमकं उलटं हवं असतं. बटर पिठात मुरता कामा नये. ते वेगळं राहिलं पाहिजे, पिठाच्या दोन पदरांमध्ये अंग चोरून. ओव्हनमध्ये गेल्यावर बटर वितळतं, पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती 1600 पटींहून जास्त जागा मागते. स्निग्ध थर मध्ये असल्यामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाफ त्यांना उचलून धरते. म्हणून फुगतं. ना यीस्ट, ना सोडा. बटर आधीच वितळून पिठात शिरलं तर उचलायला पदरच उरत नाहीत. तीनदा गार लिहिण्याचं कारण हे, आणि एकदाच गरम लिहिण्याचंही.

चिरोटे करणाऱ्या बाईला हे ऐकून नवल वाटायचं नाही. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांवर फासायचा, पोळ्या एकावर एक रचायच्या, वळकटी करायची, कापायची, हलक्या हाताने लाटायची. पदर सुटण्यामागचं तत्त्व तेच. मी विहीणबाईंना मोबाइलवर चिरोट्यांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, “याला तुम्ही किती घड्या घालता?” मी म्हटलं, “घड्या नाही, वळकटी.” त्यांनी मान हलवली. दोन सुगरणींना एवढं बोलणं पुरतं.

कार्डावरची ‘चारदा’ ही सूचना साधी नाही. पिठाची लांब पट्टी लाटायची, पत्राच्या कागदासारखी तीन पदरी घडी घालायची, काटकोनात फिरवायची आणि पुन्हा लाटायची. एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, सत्तावीसाचे 81. फ्रेंच पद्धतीच्या पफ पेस्ट्रीत हेच सहा वेळा करतात आणि हिशेब 729 वर जातो. घरच्या रोलला एवढं लागत नाही. इथे बटर सलग चादरीसारखं नसतं, किसून पिठात पेरलेलं असतं, त्यामुळे पदर कुठे 81, कुठे निम्मे. घरच्या रोलची पापुद्री थोडी अनियमित, थोडी रांगडी होते ती त्यामुळे, आणि दुकानच्या एकसारख्या रोलपेक्षा मला ती जास्त आवडली.

आता माझी फजिती. पहिल्या दोन घड्या विहीणबाईंनी घातल्या आणि लाटणं माझ्या हाती दिलं. माझे हात जन्मजात उबदार. पुरणपोळीला हे वरदान. बटर मात्र 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं आणि तळहाताची ऊब जवळजवळ तेवढीच असते. मी सवयीने पीठ हाताने चेपलं, कडा बोटांनी सारखी केली. पाच मिनिटांत वर पिवळट, चकचकीत चट्टे दिसू लागले आणि लाटण्याला पीठ चिकटलं. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पीठ ताटलीत ठेवलं, वर फडकं टाकलं, मागचं दार उघडलं आणि ताटली बाहेरच्या दगडी पायरीवर ठेवून दार लावलं. बाहेर पारा दोन अंशांवर होता.

त्या क्षणी ‘गार जागी ठेवा’ ही ओळ मला उलगडली. मी ती वाचताना मनात फ्रिज म्हटलं होतं. पण कार्ड लिहिलं गेलं तेव्हा त्या घरात फ्रिज नव्हताच. घराच्या उत्तरेच्या अंगाला, ऊन न येणारी कोठी असायची, तिला लार्डर म्हणायचे. तिच्यात दगडी फळी असायची आणि त्या फळीवर दूध, मांस, पीठ ठेवायचे. म्हणून शब्द ‘जागी’. आणखी मागे गेलं तर गारवा ही जागाही नव्हती, तो ऋतू होता. इझाबेला बीटन या बाईंचं घरसंसाराचं प्रचंड पुस्तक 1861 साली निघालं, त्यात हे रोल आहेत. तिथे प्रत्येक पाककृतीखाली तिचा मोसम दिलेला असतो. सॉसेजचं सारण घालून रोल करायचे असतील तर सप्टेंबर ते मार्च-एप्रिल. उन्हाळ्यात डुकराचं मांस टिकायचं नाही हे त्यामागचं रोखठोक कारण. (एवढं जाडजूड पुस्तक काढणाऱ्या बीटनबाई 28व्या वर्षी वारल्या. पुस्तकाच्या भारदस्त आवाजावरून त्या साठीच्या वाटतात.)

कार्डात एक पाठभेदही आहे. ‘बटर’ हा शब्द निळ्या शाईत वरच्या बाजूला लिहिलाय आणि त्याच्याखाली काळ्या शाईतला मूळ शब्द खोडलाय, ‘मार्ज’. म्हणजे मार्गरीन. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं तिथलं रेशन लढाई संपल्यावरही चालूच राहिलं. बटर आणि मांस त्यातून मोकळं व्हायला 1954 उजाडलं. कार्डावर तारीख नाही, पण मला तारखेची गरज वाटली नाही. काळी शाई टंचाईची, निळी शाई सुबत्तेची. ‘कालचा पाव’ हे शब्द मात्र विहीणबाईंच्या आईने खोडले नाहीत. मांस कमी म्हणून पाव घालून वाढवायचं, ही त्यामागची गरज. गरज सरली तरी पाव राहिला, कारण तो मांसातून सुटणारा रस आणि चरबी शोषून घेतो. नाहीतर तो रस खालच्या पापुद्र्यात उतरतो आणि रोलचं बूड ओलं होतं.

सारणाबद्दल थोडक्यात. सेजची पानं राखाडी, लवदार, पानओव्याच्या जातीची वाटतात. चुरडली की कापराच्या जवळ जाणारा वास येतो. बाकी मीठ, मिरी, किसलेला कांदा. आपल्या जिभेला हे सारण सौम्य, खरं सांगायचं तर अळणीच्या सीमेवरचं. कोथिंबीर-मिरचीचा मोह मी आवरला.

मांडणीत एक जागा फार सुरेख आहे. करंजीची कड आपण मुरडतो, कातणीने कापतो, सारणाचा कणही दिसू देत नाही. उघडी पडली तर तेलात फुटते. हा रोल मात्र बाकरवडीच्या कुळातला. लांब पट्टीवर सारणाचा दांडा ठेवायचा, कडेला अंडं लावून पट्टी त्यावर दुमडायची, जोड खाली येईल असा फिरवायचा आणि मग सुरीने तुकडे पाडायचे. दोन्ही टोकं उघडी. आत काय आहे ते झाकायचा प्रयत्नच नाही. ओव्हनमध्ये सारण त्या टोकांशी किंचित फुगून बाहेर डोकावतं आणि तेवढंच करपूस होतं. तो करपूस गोल सगळ्यांत चविष्ट, आणि त्याच्यावरून घरात भांडणं होतात असं लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं.

वरच्या बाजूला कात्रीने चिरा पाडायच्या, वाफ निघून जावी म्हणून. पायरीवरून परत आणलेल्या पिठाचे माझे रोल जरा बुटके झाले, पण झाले. मार्क 7 म्हणजे 220 अंश. थोड्या वेळाने ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर पदर हलताना दिसत होते. बटर कडांशी बुडबुडत होतं आणि रोल श्वास घेतल्यासारखे उंचावत होते. नातू जमिनीवर मांडी घालून ओव्हनपुढे टीव्ही पाहावा तसा बसला होता.

थंडगार पिठाचं हे गरम अपत्य त्या देशात एकदा अर्थसंकल्पाच्या वादातही सापडलंय. 2012च्या मार्चमध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी बेकरीतून गरम विकल्या जाणाऱ्या पेस्ट्यांवर, रोल्सवर 20 टक्के कर लावायचा प्रस्ताव आणला. प्रश्न पडला, ओव्हनमधून काढून फळीवर निवत ठेवलेला रोल गरम म्हणायचा की गार? हवेपेक्षा किती उबदार असला की कर? लोकांनी इतकी टर उडवली, की मे अखेर सरकारने माघार घेतली. आपसूक निवणाऱ्याला कर नाही, मुद्दाम गरम ठेवलेल्याला आहे. विहीणबाईंच्या आईने दोन विशेषणांत सोडवलेलं गणित संसदेला दोन महिने सुटत नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी मटण खाते, पण डुकराचं मांस कधी खाल्लं नाही, आणि त्या वयात सुरुवात करायची इच्छाही नव्हती. हे मी तिथे बोलले नव्हते. बहुधा लेकीने सांगितलं असावं. सकाळी फ्रिज उघडला तर दोन पुडकी होती, एक पोर्क सॉसेजचं, एक लॅम्बच्या साध्या खिम्याचं. लॅम्बला विहीणबाईंनी सेजऐवजी पुदिना घातला, मीठ घालून खिमा हाताला चिकटेपर्यंत मळला, कालचा पाव कुस्करला. कुठलंही प्रास्ताविक नाही, ‘तुमच्यासाठी’ असा उच्चार नाही. पोर्कच्या रोलवर तीन चिरा, लॅम्बच्या रोलवर दोन. संध्याकाळी ताट टेबलावर आलं तेव्हा नातवाने बोट नाचवत मला वाचायला शिकवलं. “आजी, टू म्हणजे तुझे.” त्याने स्वतः दोन चिरांचा एक उचलला, पदर ओठांवर, स्वेटरवर, गालिच्यावर उडाले आणि कोणी त्याला रागावलं नाही.

रात्री भांडी आवरल्यावर विहीणबाईंनी कार्ड डब्यात ठेवायला उचललं, थांबल्या, खिडकीतल्या पेल्यातून पेन्सिल घेतली. तुपकट डागाच्या शेजारी जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं, ‘लॅम्ब, पुदिना, 2 चिरा’. आणि डब्याचं झाकण लावलं.