मुक्त परिषद आणि तिचे अदृश्य नियोजन : एक चिकित्सा

१

परिषद भरविणाऱ्यांनी कार्यक्रम आखावा, वक्ते निवडावेत, आणि इतरांनी नेमलेल्या वेळी नेमलेल्या दालनात बसून ऐकावे, ही विद्वत्सभांची रूढ रीत होय. या रीतीविरुद्ध गेल्या चार दशकांत जो पक्ष उभा राहिला, त्याच्या सभांना इंग्रजीत 'अनकॉन्फरन्स' असे नाव पडले. परिषदेचा नकार नावातच वागविणाऱ्या या सभाप्रकारास प्रस्तुत लेखात 'मुक्त परिषद' असे म्हटले आहे. तिची लक्षणे थोडक्यात अशी : कार्यपत्रिका आधी छापलेली नसते, जमलेली मंडळीच सकाळी कोऱ्या फलकावर विषय मांडतात, एकाच वेळी अनेक दालनांत चर्चा चालतात, वक्ता आणि श्रोता हा भेद शक्य तितका पुसला जातो. संगणक-तंत्रज्ञांच्या वर्तुळात हा प्रकार विशेष रुजला आणि पुढे शिक्षकांसारख्या इतर व्यावसायिकांनीही तो उचलला.

मुक्त परिषदेचे पुरस्कर्ते तिच्याविषयी सामान्यतः दोन विधाने करतात. पहिले असे की, सभेतील ज्ञान व्यासपीठावर एकवटलेले नसून समुदायात विखुरलेले असते. दुसरे असे की, हे ज्ञान प्रकट होण्यासाठी संयोजकांनी बाजूला होणे एवढेच पुरेसे आहे. यांपैकी पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे मात्र खरे नाही. आणि ते खरे मानून भरविलेल्या सभेत, जे आधीपासूनच बोलते असतात तेच अधिक बोलतात, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२

या सभाप्रकाराचे तात्त्विक मूळ हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांच्या 'ओपन स्पेस टेक्नॉलॉजी' या पद्धतीत आहे. येथे 'टेक्नॉलॉजी' या शब्दाचा यंत्रांशी काही संबंध नाही. कार्यपद्धती एवढाच त्याचा अर्थ. १९८३ साली ओवेन यांनी वर्षभर खपून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. परिषद संपल्यावर सर्वांचे एकमत असे पडले की, तिच्यातील सर्वांत फलदायी भाग म्हणजे कॉफीपानाच्या सुट्या. आणि नेमक्या त्याच भागासाठी संयोजकांनी काही परिश्रम घेतले नव्हते. हा अनुभव ओवेन यांनी स्वतःच वारंवार सांगितला आहे. पुढे १९८५ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे त्यांनी मंडळींना वर्तुळात बसविले, ज्याला जो विषय काढावयाचा असेल तो त्याने कागदावर लिहून भिंतीवर लावावा असे सुचविले, आणि त्या कागदांतूनच परिषदेचा कार्यक्रम तयार झाला.

या पद्धतीची प्रेरणा म्हणून ओवेन पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियामधील एका खेड्याचा दाखला देतात. तेथे मुलांच्या वयात येण्याचा सोहळा चार दिवस चालला. त्याची कोणतीही नियोजन समिती त्यांना दिसली नाही, तरी सारे यथासांग पार पडले. हा दाखला मुक्त परिषदेच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो. परंतु बारकाईने पाहता तो तिच्या विरुद्ध पक्षालाच बळ देतो. परंपरेने चालत आलेल्या सोहळ्यात कोणी कोठे उभे राहावे, कोणी केव्हा नाचावे, वडीलधाऱ्यांनी काय बोलावे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या रूढीने ठरलेले असते. म्हणजे समिती नव्हती असे नव्हे; रूढी हीच तेथील समिती होती. जेथे जमलेले लोक एकमेकांस अपरिचित आहेत आणि त्यांची सामाईक रूढी नाही, तेथे समिती काढून घेतल्यास तिच्या जागी आपोआप सुव्यवस्था येईलच, असा निष्कर्ष त्या खेड्यावरून काढता येत नाही.

ओवेन यांच्या चार तत्त्वांचा आशय असा सांगता येईल : जे आले तेच योग्य लोक; जे घडले त्याहून वेगळे काही घडणे शक्यच नव्हते; जेव्हा सुरू होईल तीच योग्य वेळ; आणि संपले म्हणजे संपले. अवघ्या सहाच जणांच्या उपस्थितीने खट्टू झालेल्या संयोजकास धीर देण्यासाठी ही वचने उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु सिद्धान्त म्हणून त्यांची परीक्षाच करता येत नाही, कारण अपयशी सभेसही ती तितक्याच सहजतेने लागू पडतात. ज्या तत्त्वांच्या कसोटीवर कोणतीही सभा फसू शकत नाही, ती तत्त्वे सभा चांगली कशी करावी हे शिकवू शकत नाहीत.

तत्त्वांच्या जोडीला ओवेन यांनी दिलेला 'दोन पायांचा नियम' मात्र खरोखर मौलिक आहे. जेथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तेथून उठून दुसरीकडे जावे, असा हा नियम. रूढ परिषदेत उठून जाणे हा वक्त्याचा अपमान समजला जातो. येथे ते कर्तव्य ठरते. नीरस वक्त्यावर इतका सौम्य आणि इतका परिणामकारक अंकुश दुसरा नसेल. तथापि, हा नियम सर्वांचे पाय सारखेच मोकळे आहेत असे गृहीत धरतो. आपल्या कचेरीतील वरिष्ठ बोलत असता कनिष्ठास, किंवा मार्गदर्शक बोलत असता संशोधक विद्यार्थ्यास, उठून जाणे कितपत शक्य आहे, याचा विचार त्यात नाही.

३

तंत्रज्ञांच्या मुक्त परिषदेचा इतिहास दोन मेळाव्यांच्या विरोधातून स्पष्ट होतो. टिम ओरायली यांच्या प्रकाशनसंस्थेने २००३ साली कॅलिफोर्नियातील सेबास्टोपोल येथे 'फू कॅम्प' भरविला. तेथे चर्चेचे विषय उपस्थितांनीच ठरवावयाचे होते, परंतु उपस्थित राहण्यास निमंत्रण आवश्यक होते. 'फू' हे अक्षर 'ओरायलीचे मित्र' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेले होते. फलक मोकळा आणि दार बंद, असे या मेळाव्याचे वर्णन करता येईल.

१९ ते २१ ऑगस्ट २००५ या दिवसांत पालो आल्टो येथे भरलेला 'बारकॅम्प' हे त्यास दिलेले उत्तर होते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक नमुन्यादाखल वापरावयाच्या नावांसाठी 'फू' आणि 'बार' हे निरर्थक शब्द जोडीने योजतात. 'फू'ला प्रत्युत्तर म्हणून 'बार' आला. सोशलटेक्स्ट या कंपनीच्या कचेरीत, आठवड्याहूनही कमी अवधीत जमवाजमव करून, सुमारे २०० लोक एकत्र आले. येथे फलकाबरोबर दारही उघडे होते. थोड्याच काळात हा नमुना अनेक देशांत गेला. भारतात २००६ साली दिल्ली, चेन्नई, बंगळूर येथे बारकॅम्प भरले; पुणे आणि मुंबई येथील तंत्रज्ञांनीही तो आपलासा केला.

बारकॅम्पचे नियम 'फाइट क्लब' या १९९९ सालच्या चित्रपटातील नियमांच्या विडंबनातून रचलेले आहेत. चित्रपटातील मंडळाचा पहिला नियम गुप्ततेचा. बारकॅम्पचा पहिला नियम त्याविषयी सर्वत्र बोलण्याचा. ओळख तीन शब्दांतच करून द्यावी, पूर्वनियोजित व्याख्याने नसावीत, केवळ बघ्यांनी येऊ नये, असे इतर नियम आहेत. चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो आठवा. पहिल्यांदाच आलेल्या प्रत्येकाने काही ना काही सादर केलेच पाहिजे, असे तो बजावतो. आणि लगेच कंसात माघार घेतो की, अगदी केलेच पाहिजे असे नाही, परंतु जोडीदार शोधून सादर करावे, निदान प्रश्न तरी विचारावेत.

ही माघार केवळ विनोदाची नव्हे. २०० माणसे आली, प्रत्येकाने अर्धाच तास घेतला आणि पाच दालने उपलब्ध असली, तर प्रत्येक दालनात ४० सत्रे, म्हणजे २० तासांचे काम होते. रोज आठ तास धरले तरी दोन दिवसांचे १६ तासच भरतात. म्हणजे सर्वांनी बोलावे हे वचन अक्षरशः पाळणे गणितानेच अशक्य आहे. तेव्हा काही बोलणार आणि काही ऐकणार. आणि कोण बोलणार याची निवड कोठे तरी होणारच. रूढ परिषदेत ती समिती करते. मुक्त परिषदेत ती कोण करते, हा खरा प्रश्न आहे.

४

या प्रश्नाचे उत्तर असे की, नियोजन नाहीसे झालेले नसते. ते केवळ जागा बदलते. ते चार ठिकाणी जाऊन बसते : निमंत्रणात, फलकापाशी, पहिल्या अर्ध्या तासात आणि नोंदीत.

निमंत्रण हे या परिषदेतील एकमेव आगाऊ लिखाण. ते कोणत्या शब्दांत आणि कोणत्या वाटेने गेले यावरून कोण येणार ते ठरते. आठवड्याच्या आत २०० माणसे जमतात ती आधीच परस्परांच्या संपर्कात असतात म्हणून. त्या वेगाचे कौतुक करताना, या वर्तुळाबाहेरील माणसास बातमी कळेपर्यंत मेळावा संपलेला असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

फलकाची गोष्ट याहून नाजूक आहे. आडव्या ओळीत दालने आणि उभ्या ओळीत वेळा अशा चौकटी आखून त्यांत कागद चिकटवावयाचे, ही कृती दिसण्यात अगदी निरुपद्रवी. परंतु मोठे दालन आणि सकाळची वेळ मर्यादित असतात. फलक उघडा होताच जो प्रथम पुढे धावतो त्याला त्या मिळतात. जो आपला विषय मांडण्याजोगा आहे की नाही या विचारात मागे रेंगाळतो त्याला जेवणानंतरची कोपऱ्यातील खोली मिळते. दोन विषय सारखेच वाटले तर ते एकत्र करावेत असे कोणीतरी सुचवितो, आणि त्या एकीकरणात अधिक परिचित माणसाचा विषय बहुधा शिल्लक राहतो. जाणता संयोजक येथे निष्क्रिय राहत नाही. तो काही चौकटी नवागतांसाठी राखून ठेवतो, एकत्रीकरणास दोन्ही बाजूंची संमती घेतो, आणि दुपारच्या चौकटी सकाळी भरू देत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात तर साऱ्या दिवसाचे शील ठरते. जो फ्रीमन या अमेरिकन लेखिकेने १९७० साली मांडलेला आणि पुढे निबंधरूपाने गाजलेला विचार येथे उपयोगी पडतो. तो स्त्रीमुक्तीच्या चळवळीतील लहान गटांविषयी आहे. परंतु मुक्त परिषदेस तो जसाच्या तसा लागू पडतो. रचनाविरहित गट असा नसतोच, असे तिचे प्रतिपादन आहे. उघड रचना मोडली म्हणजे मित्रमंडळाची अघोषित रचना तिची जागा घेते, आणि तिचे नियम लिहिलेले नसल्यामुळे बाहेरच्याला तिच्याशी वादही घालता येत नाही. तीन शब्दांत ओळख करून देण्याचा नियम याच कसोटीवर पाहावा. ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे त्याला तीन शब्द पुरतात. ज्याला कोणीच ओळखत नाही त्याला ते पुरत नाहीत. समतेसाठी केलेला नियम अशा रीतीने पूर्वप्रतिष्ठेस साह्य करतो.

चौथे स्थान नोंदीचे. २००५ पासून वर्षातून दोनदा भरणारा 'इंटरनेट आयडेंटिटी वर्कशॉप' हा मेळावा येथे विचारात घेण्यासारखा आहे. कालिया यंग, डॉक सर्ल्स आणि फिल विंडली यांनी तो सुरू केला. माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम हे त्याचे दीर्घकाळचे स्थान. कार्यपत्रिका रोज सकाळी उपस्थितांनीच रचावयाची हा त्याचा परिपाठ आहे. महाजालावर माणसाची ओळख कशी पटवावी, या प्रश्नासंबंधीच्या ओपनआयडी, ओऑथ आदी संकेतांच्या घडणीशी या मेळाव्यातील चर्चांचा निकट संबंध आहे. आता या यशाचे कारण संयोजनाचा अभाव हे आहे काय? वस्तुतः उलट आहे. विषय एकच, पुनर्भेटीची निश्चिती, अनुभवी सूत्रधार, आणि प्रत्येक चर्चेची टिपणे गोळा करून त्यांचा संग्रह काढण्याची शिस्त, या चार गोष्टी तेथे आहेत. मोकळीक कार्यपत्रिकेपुरती आहे. तिच्या भोवतालची चौकट भक्कम आहे. जेथे अशी नोंद ठेवली जात नाही, तेथे चर्चा कितीही रंगल्या तरी जो दालनात नव्हता त्याच्या दृष्टीने त्या झाल्याच नाहीत.

५

जे आले तेच योग्य लोक, या तत्त्वाकडे येथे पुन्हा वळले पाहिजे. सभेला कोण आले नाही आणि का आले नाही, हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८८५ साली पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. ज्यांना शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी आपले जुळणार नाही, असे त्यांच्या पत्राचे तात्पर्य होते. दार उघडे होते, निमंत्रणही होते. तरी सभेचे अपुरेपण दाखविले ते न आलेल्या माणसाने. जमलेल्यांनाच योग्य ठरविणाऱ्या सिद्धान्तात या नकाराला जागा नाही, हा त्याचा गंभीर दोष होय.

या दोषाबरोबरच या सभाप्रकाराचे खरे सामर्थ्यही मान्य केले पाहिजे. म्यानमारमध्ये लष्करी राजवट असता जानेवारी २०१० मध्ये यांगून येथे बारकॅम्प भरला आणि त्यास मोठा समुदाय लोटला. २०१२ च्या तेथील बारकॅम्पचे उद्घाटन आँग सान स्यू ची यांनी केले. ज्या देशात सार्वजनिक सभेत बोलणे हेच धाडस होते, तेथे कोऱ्या फलकावर आपले नाव व विषय लिहिण्याची कृती पालो आल्टोतील त्याच कृतीहून कितीतरी अधिक अर्थपूर्ण ठरते. या सभाप्रकाराचे मोल, ज्याला एरव्ही बोलावयास मिळत नाही त्याच्या हाती लेखणी देण्यात आहे. ज्यांना सर्वत्रच व्यासपीठ उपलब्ध आहे, त्यांनी ते मोडून वर्तुळ केल्याने विशेष काही साधत नाही.

६

मुक्त परिषदेविषयीचा निर्णय यावरून असा देता येईल. रूढ परिषदेवरील तिची टीका यथार्थ आहे आणि तिने शोधलेली साधने, विशेषतः कोरा फलक आणि दोन पायांचा नियम, टिकाऊ आहेत. तिची चूक आहे ती स्वतःविषयीच्या समजुतीत. आपल्याला संयोजक नाहीत असे जी सभा म्हणते, तिच्यात संयोजक असतातच. फक्त त्यांना जाब विचारण्याची सोय नसते. रूढ परिषदेतील अन्याय्य निवडीविरुद्ध निदान समितीकडे तक्रार करता येते. मुक्त परिषदेत तक्रार नेण्यास स्थानच नाही.

म्हणून अशी सभा भरविणाऱ्यांनी आपली नावे लपवू नयेत, जाहीर करावीत. निमंत्रण कोणाकोणापर्यंत पोचविले, फलकावरील चौकटी कोणत्या नियमाने दिल्या, जागेचा व भोजनाचा खर्च कोणी उचलला, आणि नोंदी कोठे मिळतील, या चार गोष्टी दारापाशी लिहून लावाव्यात. आणि सभा संपल्यावर यशाची मोजणी किती माणसे जमली यावरून न करता, पहिल्यांदाच आलेल्यांपैकी कितीजणांचा विषय फलकावर लागला, यावरून करावी. ही मोजणी ज्या सभेस परवडेल तिलाच 'मुक्त' हे विशेषण शोभेल.