माथेरानचे फैजी आणि एक जुना प्रश्न

कर्जत-खालापूरचा परिसर साहित्याच्या नकाशावर फारसा दिसत नाही. तत्त्वज्ञानाच्या नकाशावर तर नाहीच नाही. भाताची खाचरे, पावसाळ्यात येणारे मुंबईकर आणि अलीकडची फार्महाऊसेस एवढीच आमच्या भागाची ओळख. पण याच कर्जत तालुक्यातल्या माथेरानच्या डोंगरावर १० एप्रिल १८९९ रोजी असफ अली असगर फैजी जन्मले. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी तेव्हा नव्हती. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती १९०७ मध्ये सुरू केली.

फैजी सुलेमानी बोहरा. केंब्रिजला शिकले, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत आणि काश्मीरमध्ये कुलगुरू. फातिमी काळातील काझी नुअमान यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा ग्रंथ त्यांनी संपादित केला. ‘आउटलाइन्स ऑफ मोहमडन लॉ’ (१९४९) हे त्यांचे पुस्तक वकिलांना पाठ असते. ‘ए मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ (१९६३) हे दुसरे पुस्तक मात्र आपल्यात नावापुरतेच ओळखले जाते. कुणी ते न वाचता डोक्यावर घेतो, कुणी न वाचता झिडकारतो. म्हणून इथे त्याच पुस्तकाविषयी लिहायचे आहे.

फैजींचे मुख्य म्हणणे थोडक्यात असे. इस्लाममध्ये धर्म आणि कायदा एकमेकांत मिसळून गेले आहेत. ते वेगळे केले पाहिजेत. धर्म हा माणूस आणि अल्लाह यांच्यातील आतला संबंध आहे, त्याची जागा सद्सद्विवेकात आहे आणि त्याचा गाभा बदलत नाही. कायद्यामागे राज्याची सक्ती असते, तो समाजाच्या गरजेतून घडतो आणि काळाप्रमाणे बदलतो. यासाठी धर्मांचा इतिहास अभ्यासावा, सेमिटिक भाषा अभ्यासाव्यात, शरियत आणि कलाम यांची नव्याने तपासणी करावी, असा कार्यक्रमही ते देतात. इज्तिहादचे दार बंद झाले, हे त्यांना मान्य नाही.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो मला टिकणारा वाटत नाही, कारण फैजी ज्या प्रश्नाशी झगडतात तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिसला न्यायालयाबाहेर एक गृहस्थ भेटतो. तो स्वतःच्या बापावर फिर्याद घेऊन आलेला असतो आणि हे पुण्यकर्मच आहे, अशी त्याची खात्री असते. सॉक्रेटिस त्याला विचारतो, की एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून पुण्याची ठरते, की मुळात पुण्याची असते म्हणून देवांना आवडते? त्या गृहस्थाला उत्तर देता येत नाही.

हाच प्रश्न पुढे बसऱ्यात आणि बगदादमध्ये विचारला गेला. मुअतझिली स्वतःला ‘अद्ल’ आणि ‘तौहीद’ची माणसे म्हणवत. न्याय-अन्याय अक्कलेला कळतो आणि अल्लाह न्यायीच असतो, असे ते सांगत. अशअरींनी उलट बाजू घेतली: अल्लाहने हुकूम केला म्हणून गोष्ट चांगली, माणसाच्या अक्कलेने त्याला मोजू नये. गझालींनी ‘तहाफुतुल फलासिफा’मध्ये तत्त्ववेत्त्यांच्या दाव्यांची उलटतपासणी केली. इब्न रुश्द यांनी त्याला उत्तर दिले आणि ‘फस्लुल मकाल’मध्ये शरियत व हिकमत यांचे वैर नाही, असे मांडले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की इब्न रुश्द सेव्हिल आणि कॉर्डोव्याचे काझी होते. रोज माणसांचे तंटे ऐकणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नसावा. फैजीही कायद्याचे, हा मला योगायोग वाटत नाही.

याच इतिहासातील एक धडा फैजींच्या बाजूचा आहे. ८३३ मध्ये खलिफा मामून यांनी मुअतझिलींचे कुरआनविषयक मत सक्तीने लादायला सुरुवात केली. त्यापायी पुढे इमाम अहमद बिन हंबल यांना फटके खावे लागले. अक्कलेची बाजू घेणाऱ्यांनीही सत्ता हाती येताच सक्ती केली. श्रद्धेच्या बाबतीत राज्याने हात आवरावा, हे फैजींचे म्हणणे इथे खरे ठरते.

पण त्यांच्या मांडणीत एक कच्चा दुवा आहे. तो मला ग्रंथात नाही, आमच्या गावांत सापडला.

कर्जत-खालापूरमध्ये जमिनीला भाव आला, तसे एक कागद घरोघर फिरू लागला: हक्कसोडपत्र. वडील वारले की भाऊ तो बहिणीपुढे ठेवतो. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट सांगितलेला आहे. आमच्या शाफई घरांत तो सर्वांना माहीतही असतो. तरी बहीण सही करते, कारण हिस्सा घेतला तर माहेर तुटेल. नमाजी माणसेही या कागदाला सहज साक्षीदार होतात. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारून शरियत लागू केली, पण शेतजमीन तेवढी वगळली. तो प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता. शरियतच्या अक्षरालाही हात लावू देणार नाही म्हणणाऱ्यांना ही वजाबाकी कधी टोचल्याचे मी पाहिले नाही.

आता अशी एखादी बहीण सही करायला नकार देते, तेव्हा ती कशाच्या बळावर बोलते? ‘हा अल्लाहने दिलेला हिस्सा आहे’, एवढ्याच. कायदा माणसांनी घडवलेला आणि बदलणारा आहे, असे तिला सांगितले तर तिच्या हातातली एकुलती एक काठी आपण काढून घेतो. उलट, एका दमात तीन तलाक मिळालेली स्त्री ‘हे बदलले पाहिजे’ म्हणते, तेव्हा तिला फैजींचाच आधार हवा असतो. तिची बाजू सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरली. फैजी १९८१ मध्येच गेले होते.

एकीला हुकूम अढळ हवा, दुसरीला नियम बदलायला हवा. धर्म आणि कायदा यांच्यात फैजींनी ओढलेली रेघ या दोघींना एकाच वेळी न्याय देत नाही. शिवाय मुलीचा हिस्सा कुरआनमध्येच असल्यामुळे तो रेघेच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या पुस्तकात मला मिळाले नाही.

तरीही फैजींना बाजूला सारण्याचे कारण नाही. त्यांना मुअतझिलींच्या सोबतीने वाचावे लागेल. दोघी बहिणी मागतात ते एकच आहे, अद्ल. दुबळ्याच्या हाती हक्क देणारा हुकूम घट्ट धरावा आणि दुबळ्याच्या हातून हक्क काढून घेणारा नियम तपासावा. कायद्याला धर्मापासून वेगळे करण्याआधी दोघांनाही न्यायाच्या तराजूत ठेवावे लागते. फैजींच्या लिखाणामागे ही तळमळ आहेच; पण वकिली शिस्तीत ती दबली आणि पुढे आली ती फक्त विभागणी.

यावर कुणी म्हणेल, न्याय म्हणजे काय हे ठरवणारे आपण कोण? आक्षेप अशअरींइतकाच जुना आहे आणि हलका नाही. माणसाची अक्कल स्वार्थाला लवकर फितूर होते. हक्कसोडपत्राला ‘भावाबहिणीचे प्रेम’ म्हणणारी अक्कल आपलीच. म्हणून तराजू धरणाऱ्याच्या हातावरही नजर हवी. ज्याला फायदा होतो त्याने अर्थ लावू नये, ज्याचे नुकसान होते त्याचे आधी ऐकावे, एवढी शिस्त तरी पाळता येईल.

तत्त्वज्ञान हे विद्यापीठातल्या लोकांचे काम, असे आपण मानत आलो. माथेरानमध्ये जन्मलेल्या एका कायदेपंडिताने तो प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत आणला. पुढचे काम घरातले आहे. पुढच्या वेळी बहिणीपुढे कागद सरकवण्याआधी भावाने सॉक्रेटिसचा प्रश्न एकदा स्वतःला विचारला, तरी फैजी वाचल्याचे सार्थक होईल.