अटुआनचा काळोख

फँटसी वाचणाऱ्यांमध्ये ‘सुरुवात कुठून करू?’ असा प्रश्न निघाला, की उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेचं नाव हमखास निघतं आणि सल्लाही ठरलेला असतो: पहिल्या पुस्तकापासून. सल्ला योग्यच आहे. १९६८ सालचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ फार देखणं पुस्तक आहे. जादूगारांची शाळा त्यात हॅरी पॉटरच्या जवळपास तीस वर्षं आधी आली. त्या काळात फँटसीचा नायक म्हणजे गोरा, हे गृहीतच होतं. ले ग्विननी आपला नायक गेड तांबूस-सावळ्या रंगाचा केला. पण या मालिकेचा जीव मला सापडतो तो दुसऱ्या पुस्तकात, १९७१ च्या ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये. पुस्तक छोटं. त्यात लढाया नाहीत, ड्रॅगन नाहीत, आणि मालिकेचा नायक म्हणावा तो गेड पुस्तकाचा बराच भाग संपेपर्यंत येतच नाही.

अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेल्या शेकडो बेटांचं जग. इथली जादू म्हणजे प्रत्येक वस्तूचं, प्रत्येक जिवाचं खरं नाव ठाऊक असणं. ज्याला ते नाव कळलं, त्याची त्या जिवावर सत्ता. म्हणून माणसं आपलं खरं नाव जपतात, अगदी भरवशाच्या माणसालाच सांगतात. गेडला जग स्पॅरोहॉक या टोपणनावानेच ओळखतं. हा नियम पहिल्या पुस्तकात घट्ट बसवल्यावर ले ग्विन दुसऱ्या पुस्तकात आपल्याला अशा मुलखात नेतात, जिथे पूजाच अनामांची होते. आणि जिचं नाव काढून घेतलंय, अशी एक मुलगी त्या पूजेच्या मध्यभागी आहे.

अटुआनच्या वाळवंटी पठारावर जुनी थडगी आहेत. थडगी म्हणजे उभ्या काळ्या शिळा, आणि त्यांच्याखाली भुयारं. तिथली मुख्य पुजारीण वारली की त्याच रात्री जन्मलेली मुलगी शोधतात; तीच पुजारीण पुन्हा जन्मली, अशी श्रद्धा. पाच वर्षांची झाली की तिला आईबापांपासून तोडून आणतात, रिकाम्या सिंहासनापुढे तिचा बळी देण्याचं नाटक होतं, आणि त्यानंतर ती ‘अर्हा’, म्हणजे गिळली गेलेली. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या आणि यल्लम्माच्या जोगतिणी ज्या समाजाने पाहिल्या, त्यातल्या वाचकाला हे सगळं परग्रहावरचं वाटत नाही. लेकराला देवाच्या नावाने मोठेपण देऊन त्याचं आयुष्य काढून घेता येतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ले ग्विन यांची खरी करामत मात्र त्याआधीच्या दीड-दोन पानांत आहे. पुस्तक उघडतं ते संध्याकाळी, सफरचंदांच्या बागेत. एक छोटी मुलगी झाडांखालून पळतेय, दारात उभी राहून आई तिला हाक मारतेय, आणि बाप बायकोला विचारतोय की पुढच्या महिन्यात जी जाणारच, तिच्यात इतका जीव का गुंतवतेस. आईच्या त्या हाकेत मुलीचं नाव येतं: तेनार. पान उलटतं आणि ते नाव नाहीसं होतं. पुढे कितीतरी पानं ती फक्त अर्हा आहे. लेखिकाही तिला त्याच नावाने बोलावते. पण आपण ती हाक ऐकलेली असते. वाचक तिचं नाव सांभाळत बसलेला आणि ती त्याच्याविना मोठी होतेय, ही रचना इतकी साधी आहे की पहिल्या वाचनात तिचं बळ जाणवतं, कळत नाही.

मग येतात ती भुयारं. थडग्यांच्या थेट खालच्या गुहेत उजेड नेणं हे सर्वांत मोठं पाप. म्हणून अर्हा ती जागा डोळ्यांनी नव्हे, हातांनी शिकते. भिंतीवर बोटं टेकवून चालायचं, बाजूला उघडणाऱ्या वाटा मोजायच्या, कुठे वळायचं ते पाठ ठेवायचं. ले ग्विन इथे बिलकुल घाई करत नाहीत. खडकाचा स्पर्श, हवेची हालचाल, पावलांचा बदलणारा आवाज यांवरच त्या वाचकाला चालवतात, आणि काही पानांत तो चक्रव्यूह आपल्यालाही अंगवळणी पडतो. याच अंधारात किशोरवयातली ही मुलगी तीन कैद्यांना उपासमारीने मारण्याची आज्ञा देते, कारण ते तिचं काम आहे. नंतर रात्री दचकून उठते. लेखिका तिला माफ करत नाही आणि तिला दोषही देत नाही.

अशा या गुहेत एके दिवशी तिला उजेड दिसतो. एक परका माणूस, त्याच्या काठीच्या टोकाला शुभ्र प्रकाश. तो गेड, जुन्या मोडलेल्या कड्याचा अर्धा तुकडा शोधायला आलेला चोर. तिने खवळायला हवं, आणि ती खवळतेही. पण त्याआधी क्षणभर ती नुसती बघत राहते. इतकी वर्षं जिथे ती चाचपडत फिरली, ती गुहा स्फटिकांनी लखलखतेय, चुनखडीच्या नाजूक जाळ्यांनी मढलेली आहे. अंधाराच्या पुजारणीला स्वतःच्याच देवळाचं रूप पहिल्यांदा दिसतं, तेही देवळाचा नियम मोडणाऱ्यामुळे. ज्याला पापाचा उजेड म्हणून तिला शिकवलं, त्यात सौंदर्य आहे. तिच्या श्रद्धेला पहिला तडा इथे जातो, आणि त्यासाठी लेखिकेला एकाही वादाची गरज पडलेली नाही.

पुढचं सगळं पाण्याभोवती फिरतं. भुयारात कोंडलेल्या गेडला ती मरू देऊ शकते. तिच्या हातात तेवढंच आहे. ती पाणी नेते. एवढा मोठा जादूगार, पण त्याची सारी ताकद तो अंधार अंगावर येऊ न देण्यातच खर्च होतेय. तिने काही जादू दाखव म्हटल्यावर तो तिच्या अंगावर रेशमी पोशाखाचा भास उभा करतो. भासाने पोट मात्र भरत नाही, हेही सांगतो. एका भेटीनंतर ती निघताना तो तिला नावाने हाक मारतो. तेनार. बाहेर उन्हात, मोकळ्या आभाळाखाली, ती ते नाव मनाशी म्हणते आणि थरथरते. आपण इतका वेळ जपलेली वस्तू तिच्या हातात पोचलेली असते.

सर्वांत खोल जागा मला याच्यानंतरची वाटते. गेडला पुरलं असं तेनारने खोटंच सांगितलंय, आणि तिथलीच दुसरी, सत्तेची लोभी पुजारीण कोसिल तो खरंच मेला का हे पाहण्यासाठी निषिद्ध गुहेत मेणबत्ती पेटवून कबर उकरत बसलीय. उजेड लागला, पाप घडलं, आणि तिचं काहीच बिघडत नाही. तेनार हे पाहते, कोसळते. म्हणजे देव नव्हतेच! यावर गेड तिला सोपा दिलासा देत नाही. त्या शक्ती आहेत, तो म्हणतो, जुन्या आणि क्रूर. पण असणं म्हणजे पूजेच्या लायक असणं नव्हे. अंधश्रद्धा आणि नास्तिकता यांच्या ठरलेल्या भांडणात अडकलेल्या आपल्या चर्चांना ही तिसरी जागा क्वचितच सापडते.

पुस्तकावर एक आक्षेप घेतला जातो: शेवटी मुलीला सोडवायला पुरुषच लागला. आक्षेप पूर्ण खोटा नाही. पण पानं नीट वाचली तर तिने पाणी नेलं नसतं, वाटा दाखवल्या नसत्या, तर गेड तिथेच कुजला असता. मोडलेलं कडं जुळतं तेही दोघांकडचे तुकडे एकत्र आल्यावर. आणि सुटकेनंतरची पानं तर कोणत्याही परीकथेच्या उलट आहेत. डोंगर ओलांडताना गेड एका सशाला त्याच्या खऱ्या नावाने बोलावतो. भुकेलेली तेनार त्याला मारून खाण्याचं सुचवते तेव्हा तो नाही म्हणतो, कारण ससा विश्वासाने आलाय. ज्या हातात सत्ता आहे, त्याने ती कुठे थांबवायची, हा धडा तिला याआधी कुणी दिलाच नव्हता. समुद्रकाठी पोचल्यावर ती सुरा घेऊन त्याच्या मागे उभी राहते, आणि पुढे वाया गेलेल्या वर्षांसाठी रडते. मोकळं होणं इतकं जड असतं, हे मुलांसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकात लिहायला धैर्य लागतं.

ले ग्विन यांनाही ही मुलगी सोडवेना. ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) गेडचं पुस्तक. त्यात ती येत नाही. मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘तेहानू’ आलं. तेनार आता गाँट बेटावर शेतकऱ्याची विधवा, मुलं मोठी झालेली, पदरी एक भाजून विद्रूप झालेली पोर. पुष्कळ चाहते तेव्हा हिरमुसले. त्यांना राणी हवी होती, नाहीतर मोठी जादूगारीण. विद्या शिकण्याची संधी तिच्यापुढे आलेलीही होती. तिने घर, शेत, नवरा, मुलं निवडली. कुणी वाहिलेलं नसलेलं, स्वतः मागून घेतलेलं साधं आयुष्य. ‘टूम्ब्ज’ संपवून जो थेट ‘तेहानू’ उघडेल, त्याला या दोन पुस्तकांत एकाच बाईचं चरित्र मिळेल. फँटसीत मला त्याच्या तोडीचं दुसरं माहीत नाही.